टाळूवरच्या वळ्या आणि माणसाची ओळख



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टराने न्यायवैद्यकातला विषय काढावा, हे जरा विचित्रच आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी 'ऋतुमान आणि आरोग्य' असे काही तरी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर मी गेली चाळीस वर्षे दवाखान्यात रोज बोलतो आहे आणि कोणी फारसे ऐकत नाही. म्हणून आज दुसरा विषय घेतला. आधीच सांगून टाकतो, मी दंतवैद्य नाही. बी.एच.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आम्हांलाही न्यायवैद्यक आणि विषशास्त्र असते, त्यात दातांविषयी दोन-चार पाने होती. बाकीचे पुढे वाचून आणि जाणकारांना विचारून मिळवले. ते का मिळवावे लागले, हे ओघाने सांगेन.

आता बसल्या जागी एक करा. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे न्या. तिथे एक छोटा मऊ उंचवटा लागेल. त्याच्या मागून टाळूच्या मधोमध एक बारीक कणा मागे जातो. आता जीभ त्या कण्याच्या डावीकडे, मग उजवीकडे फिरवा. आडव्या वळ्या हाताला लागाव्यात तशा जिभेला लागतील. कुंदा खाताना तो नेमका इथेच चिकटून बसतो आणि आपण जिभेने तो सोडवत राहतो. या वळ्यांना वैद्यकात 'रुगी' म्हणतात. लॅटिनमध्ये रुगा म्हणजे सुरकुती. मी आपला 'वळी' हाच शब्द वापरतो.

'टाळू' या शब्दाचा मराठीत थोडा घोटाळा आहे. बाळाची टाळू भरायची ती डोक्यावरची, आणि मढ्याच्या टाळूवरचे लोणी खातात तीही डोक्यावरचीच. तोंडाच्या आतल्या छताला आपण टाळू म्हणतो खरे, पण तिकडे कोणाचे लक्ष नसते. लक्ष होते ते आपल्या वैयाकरणांचे. त्यांनी तालव्य वर्ण वेगळे काढले. मराठीत तर 'च' दोन. गुरांचा 'चारा' म्हणताना जीभ दातांमागच्या हिरडीपाशी टेकते, आणि आकड्यातला 'चार' म्हणताना तिचा पसरट भाग थोडा मागे, या वळ्यांच्या प्रदेशात लागतो. उच्चारशास्त्राचे अभ्यासक जिभेला कोळशाची बारीक पूड तेलात कालवून लावत, एक शब्द उच्चारायला सांगत आणि टाळूवर कुठे काळे उमटले ते आरशात पाहत. नवी कवळी बसवलेला माणूस पहिले काही दिवस बोबडे बोलतो, कारण जिभेला ओळखीची जमीन सापडत नाही. काही दंतवैद्य कवळीच्या जिभेकडच्या बाजूलाही वळ्यांचे उठाव करतात, ते उच्चार सुधारावा म्हणून.

आम्हा होमिओपॅथीवाल्यांना रोग्याची जीभ पाहण्याची सवय असते. पांढरी की पिवळी, कडेला दातांचे ठसे आहेत का, सगळे लिहून घेतो. टॉर्च मात्र वर कधी वळत नाही. मीही कित्येक वर्षे वळवला नव्हता.

या वळ्या आईच्या पोटातच तयार होतात. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या शेवटी, साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात, त्या दिसू लागतात. बोटांच्या ठशांच्या रेषाही थोड्याफार त्याच काळात आकार घेऊ लागतात. पुढे मूल वाढते, टाळू रुंदावते, तशी वळ्यांची लांबी वाढते. पण कोणती वळी कुठून निघाली, कशी वळली, कुठे दुसरीला मिळाली हा नकाशा जवळजवळ तसाच राहतो. प्रत्येक बाजूला साधारणपणे तीन ते पाच ठळक वळ्या असतात, पण डावी बाजू उजवीसारखी नसते. गाय, कुत्रा, उंदीर यांच्या टाळूवरही वळ्या आहेत, त्या पुष्कळ आहेत आणि बऱ्याचशा नांगरटीच्या सऱ्यांसारख्या एकाआड एक नीट आखलेल्या आहेत. माणसाच्या मात्र आखूड, वेड्यावाकड्या आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या. न्यायवैद्यकाला उपयोग आहे तो या वेडेवाकडेपणाचाच.

दुसरा उपयोगाचा गुण म्हणजे त्यांची जागा. बोटे जळतात, चेहरा जळतो, पाण्यात राहिले की बोटांची कातडी सुटते. टाळूच्या पुढे ओठ आणि दात, बाजूंना गाल आणि गालातली चरबी, खाली जाडजूड ओलसर जीभ. तोंड मिटलेले असेल तर आतली टाळू ही एखाद्या जुन्या वाड्यातल्या तळघरासारखी असते. वर आग लागली तरी आत बरेच काही शाबूत सापडते. आपल्याकडच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. चेहरा खोलवर भाजलेल्या व्यक्तींच्या टाळूच्या वळ्या त्यांनी पाहिल्या, त्यांपैकी ९३ टक्क्यांमध्ये त्या नेहमीसारख्याच होत्या. मृतदेहांतही ७७ टक्क्यांमध्ये रंगात किंवा ठेवणीत बदल दिसला नाही. मृत्यूनंतर सुमारे आठवडाभर वळ्या टिकाव धरतात असे सांगितले जाते. पण हे हवामानावर अवलंबून असणार. आपला जून महिना आणि युरोपातला डिसेंबर यांना एकच आठवडा लावता येणार नाही, असे माझे मत आहे.

या शास्त्राचा इतिहास तसा जुना आहे. विन्सलो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १७३२ साली या वळ्यांचे वर्णन केले. ओळख पटवण्यासाठी त्या वापराव्यात हे १८८९ साली हॅरिसन ॲलन यांनी सुचवले. त्याच सुमाराला, १८९७ मध्ये, कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. एडवर्ड हेन्रींचे नाव सगळे घेतात, पण वर्गीकरणाचे किचकट गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी सोडवले. आणि १८९७ हेच पॅरिसच्या भीषण आगीचे वर्ष. ४ मे रोजी तिथे धर्मादाय बाजार भरला होता, चलच्चित्राच्या यंत्राच्या ईथरच्या दिव्याने पेट घेतला आणि १२६ माणसे गेली. बहुतेक बड्या घरांतल्या बायका. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, आलाँसोंची डचेस, तिच्या दातांतल्या कामावरून तिच्या दंतवैद्याने ओळखली. त्यानंतरच्याच वर्षी ऑस्कर आमोएदो या क्यूबाच्या दंतवैद्याने पॅरिसमध्ये न्यायदंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. दातांचे शास्त्र तिथून पुढे गेले. टाळूच्या वळ्या मागे राहिल्या. १९३२ मध्ये त्रोबो एर्मोसा या स्पॅनिश अभ्यासकाने या तपासणीला 'रुगोस्कोपी' हे नाव दिले, तेव्हा कुठे तिला स्वतंत्र घर मिळाले.

वर्गीकरणे मग खूप झाली. ज्याने त्याने आपली अक्षरे आणि आकडे काढले आणि एकाचे दुसऱ्याला वाचता येईना, अशी परिस्थिती. त्यातली दोन आज जास्त चालतात. एक स्वीडनच्या लिसेल यांची, १९५५ सालची, लांबीवरून. पाच मिलिमीटर किंवा अधिक ती मुख्य वळी, तीन ते पाच ती दुय्यम, दोन ते तीन तो तुकडा, आणि दोनपेक्षा कमी असेल तर मोजायचीच नाही. दुसरी थॉमस आणि कोट्झे यांची, १९८३ सालची, आकारावरून. सरळ, वाकडी, नागमोडी, गोल, आणि जिथे दोन वळ्या एकत्र येतात किंवा एकीच्या दोन होतात ती जोडवळी. जोडवळीला महत्त्व जास्त. सरळ वळ्या पुष्कळांना असतात, पण नदीसारखी दुभंगलेली वळी नेमक्या त्या जागी दुसऱ्याला असण्याचा संभव कमी.

काम कसे करतात, तेही सांगतो. दंतवैद्य वरच्या जबड्याचे माप घेतो, त्यात प्लास्टर ओततो आणि टाळूची हुबेहूब प्रतिकृती निघते. तिच्यावर भिंगातून पाहत टोकदार शिसपेन्सिलीने वळ्यांच्या कडा गिरवायच्या, फोटो काढायचा. तसाच मृताचा साचा करायचा. मग एक पारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवायचा. हल्ली तोंडात फिरवायचा स्कॅनर असतो, तो त्रिमिती चित्रच काढतो आणि संगणक जुळवणी करतो. मृतदेह आखडलेला असेल तर तोंड उघडणे हीच पहिली अडचण असते, हे पुस्तकात एका ओळीत असते आणि प्रत्यक्षात त्यात तास जातो.

आता जे सांगायचे म्हणून हा विषय घेतला, ते सांगतो.

१९८५ साली माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, शिखरजीच्या यात्रेला गेले. खासगी बस होती, आमच्या भागातली आणि पलीकडच्या सांगली जिल्ह्यातली मंडळी मिळून. आप्पांचे वय सत्तरीच्या घरात, तोंडात एक दात नाही. जुनी कवळी सैल झाली होती, कारण दात गेल्यावर हिरडीचे हाड झिजत जाते. म्हणून यात्रेआधी नवीन करून घेतली. आप्पांचा रात्रिभोजनत्याग होता. सूर्यास्ताआधी जेवण आटोपले की ते कवळी काढून गाळलेल्या पाण्यात धुवायचे आणि स्टीलच्या डबीत ठेवायचे. प्रवासातही नेम मोडला नसणार. परतीच्या वाटेवर रात्री बस रस्त्यात उभ्या असलेल्या टँकरवर आदळली आणि पेटली.

तार आली. मी नुकताच दवाखाना थाटलेला, घरातला एकमेव डॉक्टर. मी आणि चुलतभाऊ गेलो. तिथल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात चादरी घातलेल्या रांगेत दोन देह असे होते की म्हाताऱ्या पुरुषाचे एवढेच सांगता येत होते. दोघांचेही तोंड दात नसलेले. दुसऱ्या म्हाताऱ्याचे मुलगेही आमच्यासारखेच तिथे उभे होते. तिथल्या डॉक्टरांनी, मीही डॉक्टर आहे म्हणून, दोघांची तोंडे मला उघडून दाखवली. मी वाकून आत पाहिले. दात नाहीत, एवढे पाहिले आणि सरळ झालो.

मग उंचीवरून ठरले. ते मुलगे म्हणाले, आमचे वडील ठेंगणे होते. आप्पा उंच. दोघांतला लांब तो आम्ही घेतला. भाजलेल्या देहाचे स्नायू आखडतात, हातपाय मुष्टियोद्ध्यासारखे दुमडतात आणि उंचीचा भरवसा राहत नाही, हे मी तीन वर्षांपूर्वी परीक्षेत लिहून आलो होतो. त्या दिवशी ते मला आठवले नाही, किंवा आठवले तरी बोललो नाही. सगळ्यांना तिथून निघायचे होते. तिथेच अंत्यसंस्कार झाले.

घरी आलो तेव्हा काकूंनी एकच विचारले, "त्यांचं तोंड पाहिलंस का रे?" मी म्हटले, "पाहिलं." त्या चेहऱ्याबद्दल विचारत होत्या. मी जे पाहिले होते ते वेगळे. काकू पुढे तेरा वर्षे होत्या. दारात कोणी अनोळखी म्हातारा उभा राहिला की त्या आतून उठून येऊन पाहायच्या. कोणाला काही म्हणाल्या नाहीत.

आणि त्या सगळ्या काळात आप्पांची जुनी कवळी माजघरातल्या कोनाड्यात एका वाटीत पडून होती.

वरच्या कवळीची आतली बाजू, जी टाळूला चिकटून बसते, ती त्या माणसाच्या टाळूचाच ठसा असते. टाळूवर जिथे उंचवटा तिथे कवळीत खाच. कवळी मापावरून बनते आणि त्या मापात वळ्या येतातच. तिच्यात प्लास्टर ओतले की त्या माणसाची टाळू समोर येते, तो माणूस असो वा नसो. दात नसलेल्या माणसाच्या बाबतीत दंतवैद्यकाचे बहुतेक मार्ग बंद होतात, भरलेली दाढ नाही, वाकडा सुळा नाही. तिथे टाळू शिल्लक असते. दक्षिण आफ्रिकेतल्या थॉमस आणि व्हॅन विक यांनी १९८८ साली नेमकी अशीच एक घटना प्रसिद्ध केली. दात नसलेला, अत्यंत भाजलेला मृतदेह, आणि घरात सापडलेली जुनी कवळी. कवळीतल्या वळ्या मृताच्या टाळूशी जुळल्या आणि ओळख पटली. हा लेख आमच्या घटनेनंतर तीन वर्षांनी आला, अशी सबब मी काही दिवस स्वतःला सांगितली. पण ॲलन यांची सूचना १८८९ ची आहे.

मला हे कळले ते आणखी वीसेक वर्षांनी, आणि कळवले आप्पांच्याच नातीने. ती दंतवैद्यक शिकत होती. सुट्टीत आमच्याकडे आली होती आणि तोंडी परीक्षेसाठी मोठ्याने पाठ करत होती. 'रुगोस्कोपीचे उपयोग : एक, दात नसलेल्या मृताची ओळख, जुन्या कवळीच्या साहाय्याने...' मी वर्तमानपत्र खाली ठेवले. तिला म्हटले, परत वाच.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतो. आणि वाचता वाचता जो उत्साह सुरुवातीला आला होता तो थोडा निवळलाही. तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आप्पांच्या नावाखाली मी एका शास्त्राची जाहिरात केल्यासारखे होईल.

पहिली गोष्ट, ही तुलना आहे, शोध नाही. बोटांच्या ठशांचा साठा पोलिसांकडे असतो, ठसा घातला की नाव निघू शकते. टाळूचा असा साठा कुठेही नाही. हा देह अमक्याचा असावा असा संशय हवा आणि त्या अमक्याचा जिवंतपणीचा साचा, फोटो किंवा कवळी हवी. थायलंडमध्ये २००४ च्या त्सुनामीनंतर परदेशी पर्यटकांपैकी पुष्कळांची ओळख दातांवरून भराभर पटली, स्थानिक लोकांची त्या मानाने फारच कमी. दात दोघांनाही होते. नोंदी एकांच्याच होत्या. आपल्याकडे तर दंतवैद्याकडचे प्लास्टरचे साचे काम झाले की कचऱ्यात जातात. जागा कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्नही रास्त आहे.

दुसरी, वळ्या बदलतच नाहीत असे नाही. दात काढल्यावर जवळच्या वळीची टोके थोडी सरकतात. लहानपणी खूप अंगठा चोखला, किंवा तारा लावून टाळू रुंद केली, तर जागा हलते. दुभंगलेल्या टाळूवर शस्त्रक्रिया झाली असेल तर नकाशाच बदलतो. अनेक वर्षे कवळी दाबून बसली की वळ्या पुसट होतात. जपानच्या ओहतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दात नसलेल्यांच्या साच्यांची जुळवणी तज्ज्ञांकडून करून घेतली. साधारण ९४ टक्के जुळण्या बरोबर आल्या. चुका झाल्या त्या जिथे वळ्या पुसट होत्या किंवा टाळूची उंची बदलली होती तिथे. ९४ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. व्हरांड्यात दोनच देह असताना तो पुष्कळ आहे. शंभर असताना तो पुरेसा नाही.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांतून या वळ्यांवर ढिगाने निबंध निघतात. अमक्या राज्यातल्या लोकांच्या वळ्या नागमोडी, तमक्यांच्या सरळ, स्त्रियांच्या इतक्या, पुरुषांच्या तितक्या. मी यातले बरेच वाचले. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नाही. शंभर मुलांची मापे घेऊन एखाद्या समाजाची टाळू ठरवता येत नाही, आणि वळ्यांवरून स्त्री की पुरुष हे सांगण्याचा दावा तर मला अजून पटलेला नाही. जुळ्या भावंडांच्या वळ्या सारख्या दिसल्या तरी हुबेहूब एक नसतात, हे मात्र बऱ्याच जणांना आढळले आहे. तरी 'जगात दोघांच्या सारख्या नसतातच' हे वाक्य पुस्तकात असले तरी ते सिद्ध झालेले नाही, मानलेले आहे.

न्यायालयाचे म्हणाल तर टाळूची जुळवणी हा तज्ज्ञाचा अभिप्राय ठरतो. पूर्वी पुराव्याच्या कायद्याचे कलम ४५ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९. अभिप्राय म्हणजे निकाल नव्हे, तो न्यायाधीशांनी तोलायचा. आंतरराष्ट्रीय पातळीवर इंटरपोल आपत्तीतल्या मृतांच्या ओळखीसाठी बोटांचे ठसे, दंतवैद्यकीय तुलना आणि डीएनए यांना मुख्य आधार मानते. नुसत्या वळ्यांना त्या पंक्तीत पान नाही, त्या दंतवैद्यकीय तपासणीच्या जोडीला येतात. आपल्या शेजारच्या धारवाडने या क्षेत्रात नाव मिळवले आहे. दिल्लीच्या २०१२ च्या त्या दुर्दैवी प्रकरणात चाव्याच्या खुणांची तपासणी तिथल्या एस.डी.एम. दंत महाविद्यालयातून झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालपत्रात तिचा उल्लेख आहे. मात्र चाव्याची खूण आणि टाळू यांत गल्लत करू नये. कातडी ताणते, सुजते, तिच्यावर उमटलेल्या खुणेबद्दल अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २००९ साली गंभीर शंका घेतल्या आहेत. टाळूच्या तुलनेत दोन्ही बाजूंना खरा साचा असतो, तो फरक मोठा आहे.

डीएनए आल्यावर याची गरज काय, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. हैदराबादच्या सी.सी.एम.बी.मध्ये लालजी सिंग यांनी १९८८ च्या सुमारास हे तंत्र आपल्याकडे उभे केले, आणि शंका असेल तर तेच करावे हे मी स्वच्छ सांगतो. पण डीएनएला प्रयोगशाळा लागते, दिवस लागतात, कधी आठवडे लागतात, आणि तोवर नातेवाईक व्हरांड्यात बसलेले असतात. टाळूला प्लास्टर, पेन्सिल आणि भिंग लागते. निदान कोणता देह कोणाला द्यायचा नाही, एवढे त्याच संध्याकाळी कळू शकते. चुकीचा देह चुकीच्या घरी गेला आणि अग्नी दिला गेला की पुढे कोणतीच प्रयोगशाळा काही करू शकत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कवळी वापरणारे कोणी असेल, किंवा आपणच असाल. नवी झाली म्हणून जुनी टाकू नका. धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून, वर नाव आणि वर्ष लिहून कपाटात ठेवा. नवी करताना दंतवैद्याला सांगा की आत नावाची बारीक पट्टी घाला. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर हे कायद्यानेच बंधनकारक आहे. वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते तेव्हाही या पट्टीचा उपयोग होतो, तो रोजचा उपयोग म्हणून तरी करा. मुलांना तारा लावताना जे साचे घेतात ते काम संपल्यावर मागून घ्या. कोणी हसले तर हसू द्या. आणि दात नसलेल्या माणसाचा मोबाइलवर वरच्या टाळूचा फोटो काढून ठेवायलाही दोन मिनिटे पुरतात. तोंड मोठे उघडायचे, मान मागे, उजेड समोरून. फोटो साच्याइतका चांगला नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. यातले काही करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण सांगावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी माझ्या दवाखान्यात सरळ सांगतो. आजवर एकाही म्हाताऱ्याला राग आलेला नाही. त्यांच्या मुलांना येतो.

काकू १९९८ साली गेल्या. नात पाठ करत होती त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी जुन्या घरी जाऊन कोनाडा पाहिला. वाटी होती, कवळीही होती, रंग उडालेली, एका कडेला चीर गेलेली. तिने ती नेली, आत प्लास्टर ओतले आणि चौथ्या दिवशी पांढरी टाळू माझ्या टेबलावर आणून ठेवली. मग पेन्सिलीने एकेक वळी गिरवली. डावीकडे चार, उजवीकडे तीन. उजवीकडची मधली वळी कण्यापाशी एक निघते आणि पुढे जाऊन तिच्या दोन होतात. त्यांतली एक आखूड आहे, तिने पट्टी लावून मोजली, चार मिलिमीटर. ते दोन देह व्हरांड्यात होते तेव्हा मी दोन्ही तोंडांत टॉर्च मारला होता. ही वळी तेव्हा पाहिली असती तर दिसली असती की नाही, हे मी नातीला विचारले. ती म्हणाली, "काका, तोंड मिटलेलं होतं ना? मग दिसली असती."